निळे टोमॅटो

स्वतः काढलेल्या फोटोवर इतका अविश्वास असलेला फोटोग्राफर आमच्या मावशीच्या यजमानांखेरीज दुसरा झाला नसेल. बेल्ह्यात त्यांचा छोटा स्टुडिओ होता. फोटो तयार झाला की काका तो घेऊन गिऱ्हाइकाच्या घरी जात आणि खऱ्या वस्तूशी ताडून बघत. एकदा लग्नाचे फोटो घेऊन ते नवरीच्या सासरी गेले. चहा पुढे आला, तर म्हणाले, "च्या ऱ्हाऊ द्या, आधी शालू काढा." शालू अंगणात उन्हात धरला, फोटोतला जरा फिका वाटला, आणि काका सगळे फोटो परत घेऊन निघाले. नवरीची सासू मागून ओरडत होती, "आवो पावणं, त्वांडं तर आमचीच हायती ना?" बैलबाजारात विकाऊ बैलाचा फोटो काढायचा तरी ते आधी त्याची शिंगं स्वतःच्या उपरण्याने पुसत. "राव, बैलाचं लगीन हाय का?" असं लोक विचारत. आणि दुसऱ्याच्या कॅमेऱ्याला त्याच्या परवानगीवाचून त्यांनी कधी बोट लावलं नाही, हे साऱ्या बाजाराला माहीत होतं.

त्यांच्या घरी राहूनच मी शिकलो, घराण्यातला पहिला पदवीधर झालो आणि दोन हजार सालानंतर पुण्यात एका लहान कंपनीत लागलो. आम्ही टोमॅटो निवडणारं यंत्र करत होतो. वर कॅमेरा, खाली सरकता पट्टा. पिकलेला कोणता नि कच्चा कोणता, हे माझ्या प्रोग्रॅमने सांगायचं. चाचणी बेल्ह्याजवळच्या एका शेडमध्ये ठेवली. मी कौतुकाने काकांना बोलावलं. त्यांनी फक्त दिवे नीट लावून दिले.

यंत्र सुरू झालं आणि पडद्यावर टोमॅटो निळेशार दिसू लागले.

"ही टमाटी हायती का जांभळं?" एक व्यापारी म्हणाला. शेडमध्ये एकच हशा पिकला. साहेबांनी माझ्याकडे बघत विचारलं, "कॅमेऱ्याला कुणी हात लावला?"

नोकरीला चारच महिने झाले होते. मी म्हणालो, "काकांनी."

काकांनी एकदा पडद्याकडे नीट बघितलं. मग म्हणाले, "लागला आसंल. म्हातारा माणूस." साहेबांनी त्यांना बाहेर थांबायला सांगितलं.

तासाभरात मला चूक सापडली. कॅमेरा प्रत्येक ठिपक्याचे तीन आकडे पाठवी : आधी निळा, मग हिरवा, मग लाल. पडद्याला ते उलट क्रमाने लागत. ती अदलाबदल करून देणं माझं काम. ती ओळ मी लिहिलीच नव्हती. ओळ लिहिली, टोमॅटो लाल झाले, टाळ्या पडल्या. मी कुणाला काही बोललो नाही.

बाजारात मात्र चेष्टा सुरू झाली. "काका, आमचा खिल्लारी निळा काढू नका बरं का." तेही हसत. हळूहळू त्यांनी बैलांचे फोटो काढणं सोडलं. मावशीने हे सांगितलं तेव्हा मी बेल्ह्याला गेलो आणि मान खाली घालून सगळं कबूल केलं.

"मला तवाच कळलं व्हतं," काका म्हणाले. "टमाटं निळं, निळा पट्टा लाल, अन् देठ मातर हिरवंच. आशी आदलाबदल कॅमेऱ्याला धक्का लागून व्हत न्हाई."

"मग बोलला का नाहीत?"

"तुझा साहेब हुबा व्हता की."

बाजारात जाऊन सगळ्यांना सांगतो, असं मी म्हणालो. त्यांनी हात धरून बसवलं. "आता नगं. तूबी माझाच हायस. तुझं नाव गेलं तर माझं कुठं ऱ्हातंय?"

मी बसलो. मावशीने वाढलेलं जेवलो आणि पुण्याला परत आलो. आता काका नाहीत, आणि बाजारातल्या जुन्या माणसांना अजून वाटतं, चूक त्यांचीच होती.