यानातली रुसायची जागा

आकाशात माणसाला किती जागा लागते हे आमच्या व्याह्यांइतकं कोणालाच कळत नाही, असं मी पैजेवर सांगतो. ते स्वतः नागपूरच्या पुढे कधी गेले नव्हते, ही गोष्ट वेगळी. माझ्या मुलीचे हे सासरे सौंसरला एकटे राहत आणि ताऱ्यांकडे जाणाऱ्या लहान यानांच्या गोष्टी लिहीत. त्यांचं यान कधी उडत नसे, कारण चार माणसं आत नीट मावतात हे ठरल्याशिवाय उडवणं त्यांना बेजबाबदारपणाचं वाटे. म्हणून दर रविवारी पांढुर्ण्याला येऊन माझ्या अंगणात, जिथे बहाराला संत्र्यांचा ढीग पडतो तिथे, ते चुन्यानं यान आखत. झोपायला माणशी एक खाट, सैपाकाला चुलीएवढी जागा, पाय मोकळे करायला एक बोळ. मग मला आत बसवून विचारत, "गुदमरून तर नाई राहिले ना, व्याहीबुवा?" रेषेबाहेर हवा नाही, हा त्यांचा नियम. एकदा माझी बायको चहा घेऊन आली, तर तिला म्हणाले, श्वास रोखून धरा. "मंग चायबी बाहेरच राहू द्या," म्हणून ती कप घेऊन परत गेली.

नकाशातली चूक मात्र मी काढली. "समदं हाय, पन रुसायचं कुठं?" चार माणसं वर्षभर एका डब्यात कोंडल्यावर रुसवा होणारच. व्याही स्वतः पोरांच्या लग्नात, नवरदेवाच्या मामांना मानाचा टोपी-दुपट्टा द्यायचा राहिला म्हणून, मंडपामागे जाऊन बसले होते. समजूत मीच काढली होती. त्यांनी चुना घेतला आणि दाराजवळ एक माणूस उकिडवा बसेल एवढी चौकट आखली.

यंदा माझ्याच पोरीनं त्यांना पुण्याच्या फ्लॅटमध्ये कायमचं बोलावून घेतलं. मुलीच्या घरी जाऊन राहणं आमच्यात नाही, म्हणजे मला तिकडे जाता येणार नव्हतं, हे त्यांना ठाऊक होतं. मी म्हटलं, "जा ना. मले काय?" आणि त्या चौकटीत तोंड फिरवून बसलो. ते समजूत काढायला आले, पण मावेनात. रेषेबाहेर उभे राहून म्हणाले, "बोला लवकर, बिनहवेचा उभा हावो मी."

मी तोंड फिरवलेलंच ठेवलं. बसची वेळ झाली, ते गेले.

मग एक दिवस पुण्याहून फोन आला. तब्येतीची चौकशी नाही, नातवंडांची गोष्ट नाही, सरळ म्हणाले, "नकाशा चुकला, व्याहीबुवा. रुसायची जागा दोघांची पाह्यजे. समजूत काढनारा कुठं बसन?"

"तिथं हाय का तशी?"

"बाल्कनी हाय. एकाचीच."

मी चुना कालवून चौकट दुप्पट केली. बायको आता तेवढा भाग सोडून सडा टाकते. संध्याकाळी मी माझ्या अर्ध्यात बसतो. संत्र्यांचा ढीग यंदा रेषेबाहेर टाकायला लावला. तिथं हवा नाही. नासला तर नासला.