भरल्या हातानं

"भरल्या हातानं सांगून राह्यली, बाई," असं म्हणत ती दोन्ही मनगटं माझ्या नाकासमोर खळखळ वाजवायची. सवाष्णीनं हातातल्या बांगड्या साक्षीला ठेवल्या की समोरच्यानं गप विश्वास ठेवायचा असतो. माझा अनुभव मात्र उलटा होता. बांगड्या वाजल्या की पाठोपाठ येणारं वाक्य हमखास खोटं असायचं.

मी तेव्हा मार्कंडा-गडचिरोली बसवर कंडक्टर होते. ती धीवराची बाई. नवरा वैनगंगेत जाळं टाकायचा आणि ही मासळी टोपल्यात घालून गडचिरोलीच्या बाजारात न्यायची. ओली मासळी बसमध्ये चालत नाही, हा नियम मी तिला रोज सांगत असे आणि ती तो रोज नव्यानं ऐकल्यासारखा ऐकत असे.

"टोपल्यात काय आहे?"

"वांगे. भरल्या हातानं सांगून राह्यली."

एकदा त्या वांग्यांतून एक मरळ उसळली आणि पुढच्या सीटवरच्या साहेबांच्या मांडीवर जाऊन पडली. मी विचारलं, "वांगी उड्या मारतात का हो?"

"ताजे हायेत," ती शांतपणे म्हणाली आणि साहेबांच्या मांडीवरून आपलं वांगं उचलून घेतलं. अशी एखादी बाई तुमच्याही रस्त्यावर असेल. नसेल तर तुमचा प्रवास फार कंटाळवाणा होत असणार.

तिच्या त्या बांगड्या मार्कंड्याच्या यात्रेत भरलेल्या असायच्या. महाशिवरात्रीला नदीत अंघोळ करून, देवाला जाऊन यायचं आणि मग चिंचेखालच्या बांगडीवाल्यापुढे हात धरून बसायचं, हा तिकडच्या बायांचा शिरस्ता. बांगडीवाला मुसलमान. त्याचा बापही त्याच चिंचेखाली बसायचा. मीही तिथंच हात भरून घेतलेत, ड्युटीवर असताना, ड्रायव्हर हॉर्न वाजवत असताना.

जाळं ओढून आणि मासळी सोलून तिचे हात लाकडासारखे झाले होते. तरी तिला लहानच माप हवं असायचं, कारण सैल बांगडी म्हातारीच्या हातात असते असं तिचं मत होतं.

"बाई, हात हाये का पाटा? सैल सोड."

"माह्या हाताले नावं ठेवू नोको. तुह्या बांगड्याच लहान हायेत."

इथून जे भांडण सुरू व्हायचं ते त्याच्या बापापर्यंत आणि हिच्या सासूपर्यंत जायचं. भांडण संपेपर्यंत दोन्ही हात भरलेले असायचे. मी एकदा त्याला म्हटलं, इतकं कशाला ऐकून घेता? तो म्हणाला, "भांडली का हात सैल पडते तिचा. गोड बोललं तं बांगडी फुटते." आणि गेल्या कित्येक यात्रांत त्याच्या हातून तिची एकही बांगडी फुटली नव्हती.

हात भरून झाले की भरणाऱ्याला नमस्कार करायचा, ही रीत तुम्हाला ठाऊक असेल. ती वाकायची आणि तो घाईघाईनं मागे सरकायचा. "मले नोको, बाई. माणसानं अल्लापुढंच वाकावं."

"तुले कोण वाकून राह्यलं? तुह्या हाताले वाकली." मग तो हातच पाठीमागे लपवायचा.

दुपारी तो दुकानामागे चटई टाकून नमाज पढायला जाई. तेवढा वेळ ही दुकानावर बसायची. गिऱ्हाईक घाई करू लागलं की म्हणायची, "थांब ना जराक. तो देवासंग बोलून राह्यला. तुह्यं काय अडलं?"

पण तिला कोणी थोर समजू नका. मासळी द्यायला ती रोज त्याच्या घरी जायची, पण तिथं पाणी पीत नसे. चहा प्यायचीच वेळ आली तर स्वतःचा स्टीलचा गिलास पदराखालून काढायची. पुढे पुढे रोज कोण नेणार-आणणार म्हणून तो गिलास त्याच्याच घरी खिळ्याला अडकवून ठेवला. तो धुवायचा कोण, हा प्रश्न तिनं कधी काढला नाही आणि बांगडीवाल्याच्या बायकोनंही नाही.

एका वर्षी यात्रेआधी चिंचेच्या बुंध्यावर फलक लागला : यात्रा आपली, दुकानंही आपल्याच लोकांची. लावणारा आमच्या भागातला सिमेंटचा दुकानदार. माणूस अत्यंत सभ्य. बांगडीवाल्याला त्यानं हात जोडून सांगितलं, की आमचं कुणाशी वैर नाही, फक्त जागा पवित्र आहे. इतक्या गोड शब्दांत हाकलल्यावर भांडायचं तरी कशावरून? बांगडीवाल्यानं पेट्या बांधल्या आणि तो घरी जाऊन बसला. एक यात्रा हुकली असती तर ती जागा त्याला पुन्हा मिळाली नसती, हे त्यालाही कळत होतं आणि सिमेंटवाल्यालाही. मी सरकारी नोकर. ड्युटीवर मला मत नसतं, फक्त संताप असतो, तो मी सुट्ट्या पैशांवरून प्रवाशांवर काढला.

दुसऱ्या दिवशी ती बसमध्ये चढली. टोपलं नव्हतं आणि दोन्ही मनगटं रिकामी होती. बायांनी पदर तोंडाला लावले. मी जवळ जाऊन हळूच विचारलं, "कधी गेले भाऊ?"

"कोन?"

"तुमचे…"

"जित्ता हाये तो. जाळं शिवून राह्यला." तिनं पदराची गाठ दाखवली, त्यात बांगड्या होत्या. "हात भरनाऱ्याले हाकललं, मंग भरलेले हात मिरवाचे कायले? तो बसल्याबिगर मी काई हात भरत नाई." बांगड्या न वाजवता तिनं मला दिलेली ही पहिलीच ग्वाही. म्हणून मी विश्वास ठेवला.

संध्याकाळपर्यंत नदीकाठच्या सगळ्या धीवर बायांनी बांगड्या उतरवल्या. आता धीवरांत अशी समजूत, की बायकोचे हात रिकामे असताना नवऱ्यानं डोंगा पाण्यात घालायचा नाही, नदीला वाटतं हा आपल्याच वाट्याचा. झालं. यात्रेकरूंना पलीकडून आणणारे डोंगे काठावर उलटे पडले. पलीकडच्या काठावर नारळ-बेल घेतलेली माणसं जमली आणि हाका मारू लागली. धर्म वाचवायला निघालेल्या मंडळींनी भाविकांनाच देवापासून तोडलं होतं, आणि तेही धर्माच्याच कारणानं.

तिचा नवरा मला स्टँडवर भेटला. माणूस मुळात अबोल, पण त्या दिवशी त्याला बोलल्यावाचून राहवेना. "लोक माह्या घरी येऊन मलेच इचारून राह्यले, कवा मेला म्हनून. वरून त्याईले चहा बी मीच देऊन राह्यलो."

सिमेंटवाला हुशार. त्यानं वरोऱ्याहून एक आपला बांगडीवाला आणून चिंचेखाली बसवला. तो बिचारा फारच नम्र होता. "या माय, द्या हात," म्हणाला. हिनं मुकाट्यानं हात दिला. त्यानं गोड बोलत बोलत बांगडी चढवली आणि ती अंगठ्याच्या सांध्यावर फुटली. रक्त आलं. दुसऱ्या हाताचंही तेच. तिनं दोन्ही हात सिमेंटवाल्यासमोर धरले. "यानं धरम वाचवला, भाऊ. हात काई वाचला नाई."

शेवटी सिमेंटवाला स्वतःच्या मोटारसायकलवर जाऊन बांगडीवाल्याला घेऊन आला. येताना एक पेटी मागे न मावल्यामुळे टाकीवर ठेवून आणावी लागली, हे दृश्य मी बसच्या दारातून डोळे भरून पाहिलं. उतरल्यावर त्यानं एकच अट घातली. दुकान लाव, पण इथं नमाज नको.

बांगडीवाला मान खाली घालून उभा राहिला. तिनं पदराची गाठ सोडता सोडता पुन्हा घट्ट केली. "तुह्या दुकानात गल्ल्यावर महादेवाचा फोटू हाये ना, भाऊ? उदबत्ती लावल्याबिगर तू बोरी नाई विकत. धंद्याच्या जागी तुले तुहा देव पायजे, अन् त्याले नोको?"

पलीकडच्या काठावरून पुन्हा हाका आल्या. सिमेंटवाल्यानं घड्याळ पाहिलं, नदी पाहिली आणि म्हणाला, "मागच्या बाजूला पढ म्हणावं." तो गेली कित्येक वर्षं मागच्याच बाजूला पढत होता. पण परवानगी दिल्याचं समाधान सिमेंटवाल्याला मिळालं, ते त्याच्याकडून कोणी काढून घेतलं नाही.

मग ती बसली, हात पुढे केले आणि सासूपर्यंतचं भांडण झालं. डोंगे सुटले.

तेवढ्यानं जग सुधारलं असं मी म्हणणार नाही. पुढच्या वर्षी फलक पुन्हा लागला, जरा उंचावर. बांगडीवाल्यानं त्याच्याच खिळ्याला बांगड्यांच्या माळा टांगल्या. गिऱ्हाइकांना त्यामागची अक्षरं दिसत नसत.

मागच्या पावसाळ्यात ती तापानं गेली. गडचिरोलीच्या दवाखान्यातून तिला घरी आणलं तेव्हा मी रजा टाकून गेले. मला फार वाईट वाटलं, इतकं वाईट वाटेल असं मला वाटलं नव्हतं. सवाष्ण गेली की हिरव्या बांगड्या भरून पाठवतात. नवरा म्हणाला, "त्यालेच बोलवा." मागून कोणीतरी कुजबुजलं, अशा वेळी तो कशाला. नवऱ्यानं मान न वळवता सांगितलं, "तिचा हात त्याले माईत हाये."

बांगडीवाला आला. धुतलेली टोपी, हातात एकच डबा. अंगणातल्या घागरीवर त्यानं हात धुतले आणि तिच्या उशाशी बसला. तिचा हात ताठ झाला होता. पहिलीच बांगडी अंगठ्याच्या सांध्याशी अडली. त्यानं जोर केला नाही. तसाच हात धरून हलक्या आवाजात म्हणाला, "बाई, हात हाये का पाटा? सैल सोड."

आणि सवयीनं थांबला. आम्ही सगळेच थांबलो.

मग त्यानं डोळे पुसले आणि म्हणाला, "बरं बाई. बांगड्याच लहान हायेत माह्या."

एकही फुटली नाही.