वाचनखोलीतला देव

वसतिगृहाला घरपट्टी लागली, तेव्हा संस्थेचे सेक्रेटरी आम्हां मुलींसमोरच ओरडले, "शेजारचा मठ बघा! पडवी नारळवाल्याला भाड्यानं दिलीय, तरी पट्टी माफ. का, तर देवस्थान! आणि आम्ही मुली शिकवतो, तर आम्ही धंदेवाले!"

मला ते पटलं होतं. गावात नुकतंच कॉलेज निघालं होतं आणि बाहेरगावच्या मुलींसाठी संस्थेनं एक जुना बंगला घेतला होता. नगरपालिकेचं म्हणणं, फी घेता, मग हा धर्मादाय कसला?

सेक्रेटरींनी भांडण सोडलं आणि दत्ताच्या पादुका आणल्या. त्या बसवल्या वाचनखोलीत, कारण दारातून तीच खोली आधी दिसे. पाहणीला आलेल्या माणसानं चपला काढल्या, हात जोडले, तीर्थ घेतलं. पट्टी माफ झाली.

मग रेक्टरबाईंनी फर्मावलं, "बाजूला बसलेल्या मुलींनी चार दिवस वाचनखोलीत पाऊल टाकायचं नाही."

मी शाळा शिकले त्या मुंबईच्या कॉन्व्हेंटमध्ये ही गोष्ट कुणी मोठ्यानं बोलतही नसे. इथे ती जेवणाच्या पंगतीत जाहीर झाली. इंटरची परीक्षा तोंडावर होती आणि वडिलांनी बजावलं होतं, दुसरा वर्ग मिळाला नाही तर शिक्षण बंद, लग्न. नेमकी मी तेव्हाच बाजूला बसले. संस्थेची पुस्तकं खोलीबाहेर न्यायची नसत. मैत्रिणीनं खिडकीच्या गजांतून इतिहासाचं पुस्तक पुढे केलं, तर मागून बाईंचा आवाज आला.

"ते पुन्हा देवाशेजारी ठेवणार? देव बाटला तर घरपट्टी तुझे वडील भरणार का गं?"

मुली हसल्या. मी मान खाली घातली. चार दिवस मी खिडकीखाली उकिडवी बसून होते, कुंपणापलीकडे कोळ्यांनी वाळत घातलेल्या बोंबलांच्या वासात. मैत्रीण आतून वाचायची आणि मी ऐकायची. आरती सुरू झाली की तेही बंद.

मला तिसरा वर्ग मिळाला.

वडील मला न्यायला आले. हरिहरेश्वरकडची चांगली माणसं माझ्याविषयी विचारून गेली होती म्हणे. ट्रंक उचलत होतो, तेवढ्यात सेक्रेटरी पेढे घेऊन आले.

"आपल्या सगळ्या मुली पास! दत्ताची कृपा."

"घे गं, प्रसाद आहे," वडील म्हणाले.

नाही म्हणायची हिंमत माझ्यात नव्हती. पेढा तोंडात टाकला, पण गालात धरून ठेवला. एस.टी. सुटल्यावर वडिलांनी डोळे मिटले, तेव्हा खिडकीतून थुंकून टाकला.