डावीकडे बांधावर उभा आहे तो बालाजी

मेलेल्या माणसावर जळू नये म्हणतात.

मी जळतोय.

बालाजी मंगळवारी गेला. आमच्या अहमदपूरला स्टँडच्या मागे ज्याचा फोटो स्टुडिओ होता, तो. छातीत कळ आली आणि लातूरला नेईपर्यंत संपलं सगळं. सत्तेचाळीस वर्षांचा होता.

त्याचं काम म्हणजे लग्नं, बारशी, पासपोर्ट साइज. मी शाळेत भूगोल शिकवतो आणि स्वतःला लँडस्केप फोटोग्राफर म्हणवून घेतो. आभाळ भरून आलं की माझ्या गाडीवर डबल सीट आम्ही बालाघाटच्या माळावर जायचो. अकरा वर्षं.

माझ्याकडे भारी कॅमेरा, तीन लेन्स, ट्रायपॉड, फिल्टरची डबी. त्याच्याकडे लग्नांत घासून कडा पांढऱ्या पडलेला एक जुना कॅमेरा.

फोटो त्याचेच चांगले यायचे.

एकच बांध, एकच ढग. घरी येऊन बघावं तर माझ्या फोटोत नुसता काळा ढग, आणि त्याचा फोटो बघून छत्री शोधावीशी वाटायची.

मी त्याची सेटिंग चोरून बघायचो, खरं सांगतो. तो तंबाखू मळायला बसला की "बघू रे, चार्जिंग किती राहिलंय" म्हणत त्याचा कॅमेरा उचलायचा आणि आकडे पाठ करायचे. परीक्षेत पोरांना कॉपी करताना पकडणारा मास्तर मी.

तेच आकडे लावले तरी जमायचं नाही.

शेवटी एकदा न राहवून विचारलंच.

"सर, तुम्ही लई वर बघता," तो म्हणाला. "आभाळ तर सगळ्यालाच हाय. खाली उजेड कुठं पडून राहिला ते बघावं की."

मग तंबाखू तोंडात टाकून म्हणाला, "अन् एखादा माणूस येऊ द्यावा मधी. माणूस न्हाई तर आभाळ किती मोठं हाय ते कसं कळावं?"

माझं डोकंच फिरलं. लग्नाचे फोटो काढणारा मला शिकवतो! "माझ्या फ्रेममध्ये माणूस चालत नाही," मी ठणकावलं.

आणि खरंच चालत नव्हता. बालाजी मधे आला तरी मी ओरडायचो, "बाजूला हो." त्याचं नाव घेतलं नसेल इतक्यांदा मी त्याला "बाजूला हो" म्हणालोय.

तीन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये अवकाळीचं आभाळ आलं. निळाकाळा ढग पार खाली उतरलेला, आणि एका फटीतून नांगरटीवर उन्हाचा एकच पट्टा. असलं आभाळ आम्हाला कधी मिळालं नव्हतं.

मी घाईघाईनं ट्रायपॉड लावतोय, तर बालाजीनं स्वतःचा कॅमेरा पिशवीत ठेवून दिला.

"तुम्ही काढा सर. मी जाऊन उभा राहतो तिथं."

"अरे, नको..."

तो निघालासुद्धा. ढेकळं तुडवत, पळत, पार डावीकडच्या बांधावर.

मी एक क्लिक केलं. ऊन गेलं आणि गारा सुरू झाल्या.

घरी येऊन मी त्याला फोटोतून पुसलं. लॅपटॉपवर तासभर बसून, ढेकूळ न् ढेकूळ जुळवून. रान एकदम साफ.

त्या फोटोला नांदेडच्या स्पर्धेत पहिला नंबर मिळाला.

प्रदर्शन बघायला बालाजी आला, इस्त्रीचा शर्ट घालून. सोबत उमरीहून मेहुण्याला घेऊन आला होता. आपण फोटोत आहोत असं सांगूनच त्याला आणलं होतं.

मेहुणा फोटोवर इकडून तिकडून नजर फिरवून विचारतोय, "दाजी, तुम्ही कुठं हाव यात?"

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

बालाजी डाव्या कोपऱ्यापाशी पार नाक लावून बघून आला. आणि हसला.

"पुसलं व्हय सर? लई साफ पुसलंय. लग्नातले नको ते पाहुणे मी बी पुसतो, पण इतकं साफ मला न्हाई जमलं आजवर."

टोमणा नव्हता तो. खरंखुरं कौतुक होतं. त्या माणसाला हेवा ठाऊकच नव्हता, आणि मी त्याच्यावरही जळलो.

परवा वहिनींचा फोन आला. "भाऊजी, फ्लेक्सला फोटो पाहिजे. साऱ्या गावाचे काढले, पण ह्यांचा एक धड न्हाई. तुमच्याकडं असंल की. इतकी वर्षं संगं फिरलाव."

हार्डडिस्क उघडली. अकरा वर्षांची आभाळं, हजारो. बालाजी एकातही नाही.

ती एक मूळ फाइल सोडून.

मोठी करून बघितली. पुसताना मी त्याच्या तोंडाकडे बघितलंच नव्हतं. शर्ट वाऱ्यानं फुगलेला, एक हात डोक्यावर, आणि तो माझ्याकडे बघून हसत होता.

मी ओक्साबोक्शी रडलो.

फ्लेक्सवाल्या ताई म्हणाल्या, "सर, हे लई बारीक हाय, मोठं केलं की फुटायलंय. आधार कार्डावरचा कापून घेते, मागं रेडीमेड आभाळ टाकते. सगळ्याला तेच टाकताव आम्ही."

म्हणालो, "काही कापू नका. आहे तसा छापा."

छापण्याआधी वहिनींना मोबाईलवर दाखवला. त्यांना मोठा करून बघावाही लागला नाही. "हेच की. असंच उभे राहत्यात," म्हणाल्या.

आज चौकात तो फ्लेक्स लागलाय. दहा फुटांचं आभाळ आणि वीतभर बालाजी. लोक थांबतात, कोण वारलं ते शोधतात, आणि सापडला की बराच वेळ बघत राहतात.

बक्षिसाचा फोटो शेजारी ठेवून बघितला. हा त्याच्याहून कितीतरी चांगला आहे. फरक एवढाच, की यात बालाजी आहे.

म्हणजे माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला फोटोसुद्धा तुझ्यामुळेच, बालाजी. जळू नको तर काय करू?

फोटो खाली टाकतोय.

माझी श्रद्धांजली घे, बालाजी.

या वेळी पुसलं नाही.