काढ्याचा पहिला घोट

अक्का, म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, रोज सकाळी दुसऱ्याचं औषध आधी स्वतः प्यायच्या.

सासूबाईंचा कोठा जड. सोनामुखीचा पाला आणि बाळहिरडा यांचा काढा घेतल्याशिवाय त्यांना परसाकडला होत नसे. पण सून काढ्यात काय घालील, याचा त्यांना भरवसा नव्हता. करणारीनं समोर अर्धी वाटी प्यायची, मगच त्या वाटीला हात लावत. दुसऱ्या महायुद्धाच्या त्या वर्षांत रॉकेलसुद्धा मिळत नव्हतं, पण कोल्हारच्या आमच्या घरात ही रीत कधी चुकली नाही.

अक्कांना त्यात अपमान वाटत नसे. "पोट समद्यांचं सारखंच हाय की," म्हणत त्या घटाघटा प्यायच्या आणि असं काही तोंड वाकडं करायच्या, की सासूबाईही हसायच्या. मला ते हसू सोसत नसे. नातवंडं दिली मी, आणि हाक मात्र थोरलीला! एकदा अक्का न्हाणीत असताना मीच काढा उकळला, अर्धी वाटी प्यायलेही. सासूबाईंनी घोट थुंकून टाकला. "थोरलीला बोलवा. हिच्या हाताला कडूपनासुदिक न्हाई."

"मला शिकवा ना," मी अक्कांना म्हटलं.

"या घरात माझं येवढंच राज्य हाय गं. त्येबी मागती व्हय?" त्या हसल्या. मी महिनाभर त्यांच्याशी धड बोलले नाही.

पुढं अक्का वाळत गेल्या. पोटात कळा, चार दिवस कोठा बंद, मग तांब्या घेऊन धावाधाव. काढा कमी पडतो म्हणून दुखतं, असं समजून त्यांनी तो आणखी दाट केला. मी सासूबाईंच्या कानाला लागले, "कामाच्या वक्ताला बरं दुखतं हो यांचं." हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

नगरच्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं. रोजच्या जुलाबाच्या पाल्यानं आतडं काळवंडलंय, सैल पडलंय, आपणहून हलतच नाही, म्हणाले. काढा बंद. घरी येऊन आम्ही सासूबाईंनाही काढा सोडायला सांगितलं, तर त्यांनी मान फिरवली.

अंथरुणावरून अक्कांनी मला जवळ बोलावलं. "आता तू कर. पर पिऊ नगं. वाटी ओठाला लाव न् राखेत वत. म्हातारीला आताशा धड दिसत न्हाई."

"मग तुम्ही का नाही ओतलात?"

"ती माझ्यावर इस्वास टाकून प्यायची गं."

उन्हाळ्यात भाऊ त्यांना घोडेगावला माहेरी घेऊन गेला. तिथंच त्या गेल्या.

मी वाटी ओठाला लावून राखेत ओतू लागले. काढ्यातला पाला हळूहळू कमी केला, मनुका वाढवल्या. एका सकाळी सासूबाईंनी वाटी संपवून माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "आता जमलं बघ तुला."

त्या हातासाठी मी किती वर्षं जळले होते. तो डोक्यावर असतानाच मला अक्कांचा असा हेवा वाटला, की त्या जिवंत असताना कधी वाटला नव्हता.