एक तरी असू दे

शामला टेंभेकर आयुष्यात पहिल्यांदा नोकरीला लागली, तेव्हा तिचा मुलगा अपूर्व स्वतः नोकरीत मुरलेला होता. सासूबाईंच्या आजारपणात, त्यांच्या हिंदी मुलखातल्या शहरात, गोरखीजवळच्या एका मराठी मंडळाच्या रुग्णसाहित्य केंद्रातून तिने वॉकर, चाकांची खुर्ची, हवेची गादी असं एकेक करून घरी आणलं होतं. सासूबाई गेल्यावर तिने ते सगळं घासूनपुसून परत नेलं. मंडळाचे सचिव दिनकरराव चकचकीत चाकांकडे बघतच राहिले. "शामलाबाई, आमच्याकडे कामाला येता का?" त्यांनी विचारलं. घर नुसतं खायला उठत होतं. ती दुसऱ्याच दिवशी हजर झाली.

पण काम निघालं भलतंच. मंडळाची केंद्रं तीन, गोरखी, मुरार आणि दर्पण कॉलनी. कुठे काय शिल्लक आहे ते लोकांना घरबसल्या मोबाईलवर दिसावं, म्हणून दिनकररावांना डॅशबोर्ड हवा होता. डॅशबोर्ड म्हणजे गाडीत छोटा गणपती चिकटवतात ती जागा, एवढंच शामलाला ठाऊक.

"वर्धापनदिनाला देणगीदारांसमोर बोर्ड नीट चालला, तर तुम्ही पक्क्या," दिनकरराव म्हणाले. "नाही तर मग बाहेरच्या कंपनीला देऊन टाकू. बुरा मानू नका हं."

शामलाला ती नोकरी हवी होती, अगदी मनापासून हवी होती. जन्मभर ती कुणाची सून, कुणाची आई म्हणून ओळखली गेली. इथे भर दुपारी कुणीतरी तिला नावाने हाक मारत होतं, तिच्यासाठी एक खुर्ची होती, आणि त्या खुर्चीच्या पाठीवर तिची शाल असे. एवढंसं सुख, पण तिला ते फार प्रिय झालं होतं.

शिकवायला आली हर्षिता. मुरारची, कॉलेजात शिकणारी, तोंडाची भारी चुरचुरीत पोर. शामलाने संगणकावर आकड्यांवरून केलेलं पहिलं रंगीत वर्तुळ बघून ती पोट धरून हसली. "काकू, ये तो पूरी थाली लग रही है! कोशिंबीर पण वाढलीय!" खरंच, शामलाने रांगोळीत भरावेत तसे असतील नसतील ते सगळे रंग भरले होते. मग तिने एकेक रंग काढायला शिकून घेतलं. तक्ता कसा मांडायचा, त्यातले आकडे बोर्डावर कसे आणायचे, हे चुकतमाकत शिकली. चुकलं की कानाला हात लावायची, आणि जमलं की हर्षिताला घरचा लाडू द्यायची. महिनाभरात बोर्डावर चौकोन उभे राहिले. वस्तू असली की चौकोन हिरवा, शून्य झालं की आपोआप लाल.

आणि तिथेच घोडं अडलं. दर्पण कॉलनीतला शेवटचा पलंग गेला, पाठ वरखाली करता येणारा, आणि शून्य टाकायला शामलाचं बोट काही धजेना. सासूबाईंचा दंडक होता, तांदळाचा डबा कधी खरवडून रिकामा करायचा नाही, तळाशी मूठभर ठेवायचेच. तेलाच्या बरणीत पळीभर तेल राहू द्यायचं. टेंभेकरांच्या घरात संसारभर कुठलाच डबा ठणठणीत रिकामा झाला नव्हता. आणि आता भर दुपारी, स्वतःच्या हाताने शून्य लिहायचं? एक तरी असू दे, असं म्हणून तिने एक टाकला. कुणीतरी उद्या-परवा परत आणून देईलच की! मग अशीच सवय झाली. जिथे काही उरलं नाही, तिथे शामला एक ठेवी. बोर्ड श्रावणासारखा हिरवागार दिसत होता आणि दिनकरराव खूष होते.

एका सकाळी संग्रामसिंह नावाचा माणूस गोरखीला आला. घामाने निथळत होता. "काकू, दर्पण कॉलनीत पलंग आहे ना एक? बोर्डावर तर दाखवून राहिला आहे. मी मुरारहून लोडिंग ऑटो करून गेलो, तर तिथले म्हणतात, केव्हाचा गेला." तो भांडला असता तर बरं झालं असतं. तो जवळजवळ विनवणीच करत होता. "आईचं कमरेचं हाड मोडलंय. खाली गादीवर झोपवलंय. कूस बदलली की ओरडते हो."

शामलाने फोन उचलला आणि पलंग नेलेल्या घरांना एकेक करून विचारत सुटली. विजयाबाईंचे सासरे कधीच हिंडूफिरू लागले होते आणि त्यांच्या पलंगावर गोधड्या वाळत होत्या. शामला त्याच ऑटोत बसून तिकडे गेली, स्वतः गोधड्या उचलल्या आणि पलंग घेऊन मुरारला पोचली. म्हातारीला वर घेताना ती कळवळून ओरडली, तेव्हा शामलाने तिचा हात धरला होता. ही सकाळपासून जमिनीवर पडली होती ती माझ्या एका आकड्यापायी, हे तिला उमगलं आणि तिला स्वतःची विलक्षण लाज वाटली.

"काकू, हा एक कोणी टाकला?" परतल्यावर हर्षिताने विचारलं.

"मी. रिकामा डबा बघवत नाही गं मला."

हर्षिता हसायला गेली, पण शामलाचा चेहरा बघून तिने खुर्ची शेजारी ओढली. दोघींनी मिळून सगळे खोटे एक काढले. शून्याच्या बाजूला 'परत कधी येईल' असा नवा रकाना शामलाने स्वतः जोडला. त्यासाठी रोज घराघरांत फोन करायचं कामही तिनेच अंगावर घेतलं.

वर्धापनदिनाच्या आदल्या दिवशी दिनकररावांनी बोर्ड पाहिला आणि डोक्याला हात लावला. "हे काय! नुसतं लालच लाल! उद्या देणगीदार येणार, शामलाबाई. दोन-चार ठिकाणी एकेक टाकून द्या की. एका दिवसाची तर बात आहे."

शामलाने खुर्चीच्या पाठीवरची शाल उचलून मांडीवर घेतली. "नाही जमायचं, दिनकरराव. हवं तर त्या कंपनीला द्या काम. मी आहे तोवर शून्य ते शून्यच राहील."

दिनकरराव निघून गेले. शामलाने जाताना शाल घरी नेली.

दुसऱ्या दिवशी पडद्यावर बोर्ड लागला. पुढच्या रांगेतले एक गृहस्थ चष्मा सावरत म्हणाले, "पलंग तिन्ही ठिकाणी नाहीत?" सभेत चुळबुळ झाली. दिनकररावांनी घसा खाकरला. "नाहीत. म्हणून तर आपल्याला बोलावलं. पुढचं आमच्या शामलाबाई सांगतील." शामला उठली. तिने संग्रामसिंहाच्या आईची हकीकत सांगितली, स्वतःच्या चुकीसकट.

शाल पुन्हा खुर्चीवर आली. काही दिवसांनी देणग्यांतून नवे पलंग आले आणि दर्पण कॉलनीसमोरचं शून्य खोडून शामलाने एक लिहिला. मग सेव्हच्या बटणावर बोट तसंच अधांतरी ठेवून तिने तिथल्या माणसाला फोन लावला. "पलंग खरंच आलाय ना? जा बरं, हात लावून बघून ये. मी थांबते."