वधू: अबक

माझा साखरपुडा नवरीशिवाय झाला.

तेव्हा मी नगरला एमसीएला होतो आणि ‘सिस्टिम ॲनालिसिस अँड डिझाईन’ या विषयानं मला झपाटलं होतं. (समजला होता असं नाही, नुसतं झपाटलं होतं!) सर सांगायचे, “आधी वापरणाऱ्याची गरज ओळखा.” आमच्या सावेडीच्या फ्लॅटमध्ये माझी सिस्टिम वापरेल अशी व्यक्ती एकच. विचारलं, “आई, तुझी गरज काय?”

“दळण आणून दे.”

ही गरज मी सोयीस्करपणे वगळली आणि ठरवून टाकलं, की आईला नातेवाइकांना आमंत्रणं धाडणारी सिस्टिम हवी आहे! तिच्या मोबाईलमधले सगळे नंबर सिस्टिममध्ये भरले. चाचणीपुरता मजकूर लिहिला: येत्या रविवारी आमच्या घरी साखरपुडा. वर: मी. वधू: अबक. खाली आईचं नाव. ‘पाठवा’ दाबलं, ‘पाठवले’ उमटलं. बटण चालतंय, या आनंदात मी ताणून दिली. संदेश खरंच जातील, हे माझ्या डिझाईनमध्ये नव्हतंच!

आईला पत्ता लागायचा प्रश्न नव्हता. स्वतःचा नंबर स्वतःच्या मोबाईलमध्ये कोण ठेवतं?

रविवारी सकाळी मी बनियनवर दात घासत असताना खाली टेम्पो थांबला. त्यातून शेवगावचे मामा, मामी आणि अख्खं आजोळ उतरलं. मामांच्या डोक्याला कोरा फेटा!

“आक्के, सख्ख्या भावाला मोबाईलवर कळवतीस व्हय गं?” मामा आत येताच आईवर कडाडले.

“काय कळवलं?”

मामींनी मोबाईल पुढं केला. आईनं वाचलं आणि माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेला ॲनालिसिसची गरज नव्हती.

“नवरी कुठं हाय?” मामींनी विचारलं.

“मामी, तो... टेस्ट डेटा आहे.”

“डेटा? हे कुठले पाव्हनं? आपल्यातलेच हायत ना?”

“अहो, मुलगीच नाहीये!”

“पळाली?” मामी मटकन सोफ्यावर बसल्या.

सगळं समजावून सांगितल्यावर (बाकीच्या नातेवाइकांनी म्हणे ‘अबक’ वाचून थट्टाच समजली होती) मामा इतके हसले, की फेटा सुटला. “आरं, पन आता आनलेल्या पेढ्यांचं काय? बस पाटावर! नवरी यील तवा यील!”

तोंडाला पेस्ट तशीच. मामींनी मला कुंकू लावलं, मामांनी टोपी घातली, आजोळानं टाळ्या पिटल्या. आई पिठलं घोटता घोटता पदरानं डोळे पुसत होती. हसून हसून!

पुढं तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. “सिस्टिम प्रत्यक्ष वापरून पाहिलीत?”

“हो सर. टेम्पोभर लोक आले.”

“वा! मग कमी काय पडलं?”

“नवरी, सर.”